आरव्हीत टीव्ही दिसत नसेल तर डिशला हात शेवटी लावा

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली प्रवासाची गाडी, नव्या मुक्कामी लागते, संध्याकाळी कुणीतरी टीव्ही लावतं आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं. मग बहुतेक जण एकच करतात: बाहेर जातात आणि डिश हलवायला घेतात. डिश मुळात बरोबर जागी असेल तर आता तीही बिघडली, म्हणजे एकाचे दोन बिघाड झाले. या सगळ्या साखळीत डिश जुळवण्याइतकं वेळखाऊ दुसरं काम नाही, म्हणून ते शेवटी ठेवायचं.

घरातली टीव्हीची केबल एकदा टाकली की वर्षानुवर्षं हलत नाही. गाडीत तसं नसतं. दर प्रवासात कनेक्टर हादरे खातात, छतावरचे सांधे ऊन-पाऊस झेलतात, बॅटरीचं व्होल्टेज दिवसभर वर-खाली होतं, आणि मुक्काम बदलला की उपग्रहाची दिशा आणि उंची दोन्ही बदलतात. त्यामुळे इथे अंदाजाने काही होत नाही. टीव्हीपासून सुरुवात करायची आणि एकेक सांधा तपासत छताकडे सरकायचं. हाताशी व्होल्टेज आणि जोड तपासणारा साधा डिजिटल मल्टिमीटर आणि दोन्ही टोकांना एफ-कनेक्टर (फिरवून आवळायचं टोक) असलेली, खात्रीची १०-१५ मीटर आरजी-६ केबल (टीव्ही-डिशसाठीची गोल कोअ‍ॅक्स केबल) असली की बाकी महागड्या उपकरणांवाचून फारसं अडत नाही.

## आधी ठरवा, चित्र यायला हवं कुठून

बहुतेक आरव्हींमध्ये टीव्हीकडे तीन वाटा येतात. पहिली छतावरच्या अँटेनाची, जमिनीवरच्या टॉवरकडून येणारे चॅनेल पकडणारी. दुसरी गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या सॉकेटची, जिथे मुक्कामाच्या जागेची केबल जोडता येते. तिसरी डिशची, ती छतावर कायमची बसवलेली असते किंवा तिपाईवर बाहेर मांडायची असते. या वाटा आत येऊन एकाच कपाटामागे, कधी भिंतीवरच्या जोडणीच्या एकाच पाटीवर भेटतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

बाहेरच्या अंगाला सहसा दोन सॉकेट असतात, एक केबलचं आणि एक डिशचं. दिसायला अगदी सारखी. डिशची केबल चुकून दुसऱ्यात गेली तर ती आत टीव्हीच्या ट्यूनरकडे (चॅनेल पकडणाऱ्या भागाकडे) जाईल, सेट-टॉप बॉक्सकडे नाही. मग डिश कितीही अचूक लावा, उपयोग शून्य. सॉकेटवरची अक्षरं उन्हाने पुसली गेली असतील तर एकदाच वेळ काढून कुठलं सॉकेट आत कुठे निघतं ते शोधा आणि पक्क्या शाईने लिहून ठेवा. शोधायला सोपं आहे: आतल्या टोकाला मधली पिन आणि बाहेरचं कडं तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा आणि बाहेरच्या कुठल्या सॉकेटवर मल्टिमीटर ‘बीप’ देतो ते पाहा. हे करताना दोन्ही टोकांना कुठलंही उपकरण जोडलेलं नसावं.

## ‘नो सिग्नल’ म्हणतंय कोण?

पडद्यावरचा हा संदेश टीव्हीचा आहे की सेट-टॉप बॉक्सचा, एवढं ओळखलं तरी निम्मं काम होतं. बॉक्सच्या रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबा. बॉक्सचा मेन्यू दिसला तर टीव्ही ठीक, एचडीएमआय केबल ठीक, इनपुट ठीक. बिघाड बॉक्सच्या मागे, म्हणजे केबल, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा भाग) किंवा डिशमध्ये आहे. मेन्यू दिसलाच नाही तर डिशचा इथे काही संबंध नाही. टीव्हीचं इनपुट बदललं गेलंय, एचडीएमआय सैल झालीय किंवा बॉक्सला वीज मिळत नाहीये.

एचडीएमआयचा खटका स्क्रूने आवळलेला नसतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर तो अर्धवट बाहेर येतो. काढून पुन्हा घट्ट बसवा. हाताने फिरवायच्या भिंतीच्या स्टँडवर टीव्ही असेल तर केबल ताणली जाऊन आतून तुटण्याचीही शक्यता असते, म्हणून एक जादा एचडीएमआय केबल गाडीत ठेवावी.

चित्र येतंय पण चौकटी-चौकटींत फुटतंय, आवाज तुटतोय, असं असेल तर सिग्नल काठावर आहे. डिजिटल प्रक्षेपणात जुन्या टीव्हीसारखं हळूहळू मुंग्या येणं नसतं. एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष, त्याखाली थोडा वेळ चौकटी, आणि मग काहीच नाही. ‘काल तर छान दिसत होतं’ याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कालही ते काठावरच असू शकतं.

## वीज: फार वेळ नको, पण टाळूही नका

बॉक्स आपोआप बंद-चालू होत असेल, किंवा पंप वा पंखा सुरू झाला की टीव्ही दचकत असेल तर टीव्हीच्या १२ व्होल्टच्या प्लगपाशी, टीव्ही चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीपाशी मोजलेला आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण बारीक आणि लांब तारेत व्होल्टेज गळतं. शिसे-आम्लाची बॅटरी विसावलेली असताना सुमारे १२.७ व्होल्टला पूर्ण भरलेली आणि १२.१ च्या आसपास निम्मी रिकामी असते. चार्जर लावल्यावर हाच आकडा १४.४ पर्यंत चढतो. आरव्हीसाठीच बनवलेले टीव्ही हा चढउतार सोसतात. घरगुती टीव्हीचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर काढून तो थेट बॅटरीवर जोडला असेल तर मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर हवाच.

इन्व्हर्टर स्वस्तातला, पायऱ्या-पायऱ्यांची लहर देणारा असेल तर काही बॉक्स त्यावर घरघर करतात, गरम होतात किंवा सुरूच होत नाहीत. गाडी बाहेरच्या विजेवर जोडल्यावर सगळं सुरळीत चाललं तर दोष इन्व्हर्टरचा. आणि बॉक्स बंद करून पुन्हा लावल्यावर त्याला निवांत सुरू होऊ द्या. कित्येक बॉक्स यात काही मिनिटं घेतात, आणि तेवढ्यात अधीर माणूस आणखी दोन केबल उपटून ठेवतो.

## भिंतीवरचं ते छोटं बटण

छतावरचा अँटेना चालत नसेल तर सर्वांत आधी टीव्हीजवळच्या भिंतीवर किंवा कपाटात छोटं बटण आणि बारीक दिवा असलेली पाटी शोधा. अँटेनाच्या डोक्यात सिग्नल वाढवणारा बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट वीज त्याच कोअ‍ॅक्स केबलमधून वर पाठवली जाते. बटण दाबलं की दिवा लागतो, वीज वर जाते आणि टीव्हीला अँटेना जोडला जातो. बटण बंद केलं की बऱ्याच पाट्या टीव्हीला बाहेरच्या केबलच्या सॉकेटशी जोडतात.

म्हणजे अँटेना हवा तर दिवा चालू, मुक्कामाची केबल हवी तर दिवा बंद. उलटं असेल तर चॅनेल शोधताना शून्य सापडतात आणि माणूस अँटेनाला दोष देतो. आरव्हीतल्या टीव्हीच्या बिघाडांत या बटणाइतकं फसवं दुसरं काही नाही. कपाट आवरताना धक्का लागूनही ते दाबलं जातं.

बटण दाबूनही दिवा लागत नसेल तर पाटीमागची अँटेनाकडे जाणारी केबल सोडवून पाहा. आता दिवा लागला तर वरच्या केबलमध्ये किंवा अँटेनाच्या डोक्यात शॉर्ट आहे. तरीही लागला नाही तर पाटीलाच वीज येत नाही, फ्यूज तपासा. दिवा लागतोय पण चॅनेल येत नाहीत, अशा वेळी अँटेनाच्या टोकाशी केबल सोडवून मधली पिन आणि कडं यांच्यात व्होल्टेज मोजा. १२ च्या आसपास मिळालं तर केबल ठीक आणि बूस्टरवर संशय. काहीच नाही मिळालं तर वीज वाटेत अडतेय.

एक सावधगिरी: डिशच्या बॉक्सची केबल या पाटीतून नेऊ नका. बॉक्स एलएनबीला स्वतःची वीज पाठवतो, पाटी तिची. दोन्हींची गाठ पडली तर एखादं उपकरण कायमचं जाऊ शकतं.

अँटेनाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. मुक्काम बदलला की चॅनेल पुन्हा शोधायलाच हवेत, कारण कालच्या गावाचे टॉवर इथे नाहीत. शोधण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ट्यूनर ‘अँटेना’वर आहे की ‘केबल’वर ते बघा. फिरवता येणारा अँटेना असेल तर तो टॉवरच्या दिशेला वळवून मग शोध सुरू करा. आधी शोधून मग वळवण्यात अर्थ नाही. टॉवर अगदी जवळ असेल तर बूस्टरमुळे सिग्नल उलट जास्त होतो आणि ट्यूनर गुदमरतो. बटणाने अँटेनाची वाट तुटत नाही अशा पाट्यांवर तेवढ्यापुरता बूस्टर बंद करून पाहता येतं.

छतावरचा उभा करायचा अँटेना असेल तर निघण्यापूर्वी तो खाली घ्यायची आठवण किल्लीपाशीच अडकवून ठेवा. झाडाच्या फांदीत अडकून वाकलेला अँटेना दुरुस्त होत नाही, नवीनच घ्यावा लागतो.

## खिडकीतून टाकलेली केबल

बॉक्सचा मेन्यू दिसतोय, पण उपग्रहाचा सिग्नल नाही. आता गाडीच्या आतलं सगळं वायरिंग एका झटक्यात बाजूला काढायचं. बॉक्स बंद करा. ती खात्रीची केबल घ्या, एक टोक थेट डिशच्या एलएनबीला, ती खिडकीतून आत, दुसरं टोक थेट बॉक्सला. मधली पाटी नाही, बाहेरचं सॉकेट नाही, एका केबलच्या दोन वाटा करणारा स्प्लिटर नाही. बॉक्स सुरू करा.

चित्र आलं? मग डिश, एलएनबी आणि बॉक्स तिन्ही निर्दोष आहेत आणि बिघाड गाडीच्या भिंतीत आहे. नाही आलं? मग भिंती उकलण्याची गरज नाही. डिशची दिशा, एलएनबी किंवा बॉक्स यांतलंच काहीतरी आहे. या एका चाचणीने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशानेही वाचत नाही, आणि तरी लोक ती शेवटी करतात. छतावर कायम बसवलेली डिश असेल तर ही चाचणी थोडी अवघड असते, पण छतावरच्या कनेक्टरपासून खिडकीपर्यंत केबल सोडता येते. छत ओलं असताना किंवा वारा असताना चढू नका, आणि वरून विजेच्या तारा जात असतील तर मुळीच नाही. केबल जोडताना-काढताना बॉक्स बंदच असावा, कारण मधल्या पिनेवर वीज असते.

## भिंतीत काय बिघडतं

बिघाड भिंतीत आहे हे ठरलं की संशयितांची यादी छोटी होते.

पहिला संशयित सैल झालेला कनेक्टर. पाटी उघडून मागचे सगळे एफ-कनेक्टर हाताने हलवून बघा, मग पान्याने किंचित आवळा. जोर लावला तर पाटीवरचं सॉकेटच पिळून तुटतं. कनेक्टरच्या तोंडात बघा: मधली तांब्याची तार कडेच्या साधारण ३ मिलिमीटर बाहेर यायला हवी, आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला टेकलेला नसावा. एकच केस टेकला तरी शॉर्ट होतो आणि एलएनबीची वीज जाते. हाताने पिळून बसवायचे कनेक्टर गाडीत टिकत नाहीत; दाबून बसवणारे, कॉम्प्रेशन प्रकारचे घ्या.

दुसरा संशयित पाणी. छतावरून केबल आत शिरते त्या जागी आणि बाहेरच्या सॉकेटमध्ये ते शिरतं. कनेक्टर उघडल्यावर जाळी काळी किंवा हिरवट दिसली तर तेवढा तुकडा कापून स्वच्छ केबलवर नवा कनेक्टर लावा. नुसतं पुसून भागत नाही, कारण पाणी जाळीतून आत ओढलं गेलेलं असतं. पाणी शिरलेल्या केबलची एक खूण म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचे चॅनेल आधी जातात आणि कमी फ्रिक्वेन्सीचे तग धरतात. जोड पुन्हा बसवताना स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि कनेक्टरआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून पडतं.

तिसरा संशयित स्प्लिटर, आणि हा सगळ्यात लबाड, कारण तो बिघडलेला नसतोच. जुने स्प्लिटर साधारण १००० मेगाहर्ट्झपर्यंतचे सिग्नल जाऊ देतात. अँटेना आणि केबल टीव्हीसाठी ते पुरेसं आहे. एलएनबीकडून येणारा सिग्नल मात्र ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे जवळपास सगळाच अडतो. शिवाय अशा स्प्लिटरमधून एलएनबीसाठीची वीज वर जाईलच असं नाही. कंपनीने बसवलेला असला तरी डिशच्या वाटेवरचा हा डबा काढून दोन टोकं साध्या जोडणीने जोडून पाहा. दोन टीव्हींवर वेगवेगळे चॅनेल हवे असतील तर दोन आउटपुटची एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबल हाच खरा उपाय.

चौथा, जुन्या गाड्यांतली आरजी-५९ केबल. ती अँटेनाला चालते, डिशला फार अंतरावर नाही. आरजी-६ मध्येही १००० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल सिग्नल गळतो आणि २००० च्या आसपास त्याहून बराच जास्त. आरजी-५९ मध्ये परिस्थिती आणखी वाईट.

शंका असलेला केबलचा तुकडा मल्टिमीटरने तपासायला दोन मिनिटं लागतात. दोन्ही टोकं मोकळी करा. पिन आणि कडं यांच्यात काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर शॉर्ट. मग एका टोकाला पिन आणि कडं तारेने जोडा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. आता एक-दोन ओहम दिसायला हवेत. नाही दिसले तर केबल कुठेतरी तुटलेली आहे.

## अर्धेच चॅनेल गायब

हा बिघाड लोकांना चक्रावून टाकतो, आणि खरं तर सगळ्यात जास्त माहिती हाच देतो. काही चॅनेल लख्ख, काही मुळीच नाहीत. डिश हललीय असं वाटतं, पण डिश हलली तर बहुधा सगळेच चॅनेल खालावतात.

बॉक्स एलएनबीला एकाच केबलमधून वीज आणि हुकूम दोन्ही पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी एका ध्रुवीकरणाचे (सिग्नलच्या लहरी ज्या दिशेने डोलतात त्या प्रकाराचे) चॅनेल देते, १८ व्होल्ट पाठवले की दुसऱ्या. साध्या उभ्या-आडव्या ध्रुवीकरणात १३ म्हणजे उभं आणि १८ म्हणजे आडवं. दोन पट्ट्यांच्या ‘युनिव्हर्सल’ एलएनबीत आणखी एक हुकूम असतो: २२ किलोहर्ट्झचा सूर. तो नसेल तर १०.७ ते ११.७ गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा मिळतो, असेल तर ११.७ ते १२.७५ चा वरचा.

त्यामुळे कुठले चॅनेल गेलेत ते बॉक्सच्या तांत्रिक माहितीच्या पानावर पाहून लिहून काढा. फक्त आडवे गेले असतील तर १८ व्होल्ट वर पोचत नाहीयेत. गंजलेला जोड, फार लांब केबल किंवा बॉक्सचा वीजपुरवठा कमजोर. एलएनबीच्या टोकाशी केबल सोडवा, बॉक्स चालू करा आणि मल्टिमीटर लावून आत कुणाला तरी दोन्ही प्रकारचे चॅनेल आळीपाळीने लावायला सांगा. आकडा १३ आणि १८ च्या जवळपास बदलायला हवा. हे माप एलएनबी न जोडता घेतलेलं असतं, म्हणून ते बरोबर आलं तरी जोड निर्दोष असेलच असं नाही. भार पडल्यावर गंजलेला जोड व्होल्टेज खातो. फक्त वरचा पट्टा गेला असेल तर २२ किलोहर्ट्झचा सूर अडतोय, किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबीचा प्रकार चुकलाय. युनिव्हर्सलसाठी तिथे ९७५० आणि १०६०० हे दोन आकडे (एलएनबीच्या आतल्या ऑसिलेटरच्या फ्रिक्वेन्सी, मेगाहर्ट्झमध्ये) असायला हवेत.

एकाच केबलवरून अनेक ट्यूनर चालवणाऱ्या नव्या एलएनबींचा हुकूम द्यायचा प्रकार वेगळा असतो. त्यांना ही १३-१८ ची चाचणी लावू नका.

गावाकडचे स्थानिक चॅनेल तेवढे गेले आणि बाकी सगळे आहेत, असं असेल तर बिघाड नसूही शकतो. काही सेवा स्थानिक चॅनेल एका मर्यादित भूभागावरच रोखलेल्या अरुंद झोताने पाठवतात. त्या झोताबाहेर गेलात की ते चॅनेल येत नाहीत, डिश कितीही मोठी असो. अशा वेळी छतावरचा अँटेनाच कामाचा.

## आता डिश

इथवर येऊनही सिग्नल नसेल तर डिश. बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन आकडे दिसतात, सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता. ताकदीच्या आकड्यावर भाळू नका. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही धरलेला असतो. ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य, याचा अर्थ एलएनबीला वीज आहे पण डिश रिकाम्या आकाशाकडे किंवा भलत्या उपग्रहाकडे बघतेय. दोन्ही शून्य, तर एलएनबीला वीजच नाही. परत केबलकडे जा.

पहिलं काम झाडं पाहणं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात, म्हणून उत्तर गोलार्धात डिश दक्षिणेच्या बाजूला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या बाजूला बघते. विषुववृत्तापासून जितके दूर जाल तितका उपग्रह क्षितिजाकडे झुकतो. तो ३० अंशांवर असेल तर १० मीटर उंच झाडापासून डिश किमान १७ मीटर लांब हवी. ४५ अंशांवर असेल तर १० मीटर पुरतात. पानं विरळ दिसली तरी सिग्नलला ती भिंतच असते, ओली असली तर जास्तच. मोबाइलवर कॅमेऱ्यातून उपग्रहाची जागा दाखवणारी अ‍ॅप मिळतात. गाडी लावण्यापूर्वीच एकदा बघून घेतलं तर रात्रीची धावपळ वाचते. तिपाईची डिश याच कारणासाठी मला छतावरच्यापेक्षा आवडते: गाडी सावलीत लावा आणि डिश उन्हात.

तिपाईचा खांब सगळीकडून ओळंब्यात हवा. खांब कलला की डिशवरचे उंचीचे अंश निरर्थक होतात, आणि मग फिरवताना डिश वर-खाली लाटेसारखी चालते. ओळंबा साधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग बॉक्समधून किंवा अ‍ॅपमधून त्या जागेसाठी तीन आकडे घ्या: दिशा, उंची (डिश क्षितिजापासून किती अंश वर बघते), आणि एलएनबीचा पीळ (ती पकडीत किती फिरवायची तो कोन). उंची आधी पक्की करा. ऑफसेट डिशचा, म्हणजे एलएनबी मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असलेल्या नेहमीच्या डिशचा, पृष्ठभाग डोळ्यांनी मापू नका. अगदी उभी दिसणारी डिशसुद्धा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, म्हणून डिश धरणाऱ्या कंसावरच्या अंशांच्या मापावर विश्वास ठेवा.

दिशेसाठी होकायंत्र वापरताना गाडीपासून काही मीटर लांब उभे राहा, कारण पोलाद सुई ओढतं. मोबाइलमधलं होकायंत्रही त्यातून सुटत नाही. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक काही प्रदेशांत १० अंशांहून जास्त असतो, त्यामुळे दिलेली दिशा कुठल्या उत्तरेवरून मोजलीय ते पाहा.

आता फिरवणं. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत १२ गिगाहर्ट्झला जेमतेम ३ अंश रुंद असतो. अंदाजाच्या दिशेच्या १५ अंश अलीकडून सुरू करा, एकावेळी एखादाच अंश सरका आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. सावकाश पण अखंड फिरवत राहिलात तरी उपग्रह हातातून निसटतो. काही मिळालं नाही तर उंची एक अंश बदला आणि पुन्हा पहिल्यापासून. टीव्हीचा पडदा व्हिडिओ कॉलवर दिसला तर आतून ओरडून आकडे सांगायची गरज पडत नाही.

केबलच्या मध्ये लावायचा, सिग्नल मिळाला की वाजणारा स्वस्त फाइंडर घेतलात तर लक्षात ठेवा, तो कुठल्याही उपग्रहावर किंचाळतो. शेजारचे उपग्रह कधी दोन-तीन अंशांवरच असतात. त्याची संवेदना कमी करून शिखर शोधा, पण निकाल बॉक्सच्या गुणवत्तेच्या आकड्यावरच द्या.

गुणवत्ता मिळाली की लगेच बोल्ट आवळू नका. डावीकडे सरकवत आकडा कुठे घसरतो ते बघा, तसंच उजवीकडे, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये आणा. उंचीचंही तसंच. मग पीळ: उभ्या-आडव्या ध्रुवीकरणात एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवून गुणवत्ता वाढवता येते. वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या एकाच एलएनबीला पिळाची गरज नसते, पण एका पट्टीवर अनेक एलएनबी असतील तर अख्खी डिश त्या कोनात कलवावी लागते. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक वेळी आकडा बघा. शेवटी तिपाईच्या मध्यावर पाण्याचा डबा किंवा वाळूची पिशवी लटकवा.

## छतावरचा आपोआप शोधणारा घुमट

घुमटातली डिश स्वतः उपग्रह शोधते, म्हणून तिचे बिघाड वेगळे. ती फिरते, थांबते, पुन्हा फिरते आणि हार मानते, असं असेल तर क्रमाने बघा: वर फांद्या आहेत का, नियंत्रकात योग्य सेवा आणि उपग्रह निवडलेत का, शोध चालू असताना गाडीत कुणी चालत-उड्या मारत आहे का, आणि मोटर फिरताना व्होल्टेज खाली बसतं का. काही घुमटांना वीज बॉक्सकडूनच, कोअ‍ॅक्समधून मिळते. त्यांचा बॉक्स बंद असेल तर घुमट जागचा हलणार नाही. दोन आउटपुट असतील तर एक मुख्य असतं, आणि कुठला उपग्रह पाहायचा ते त्याला जोडलेला बॉक्सच ठरवतो. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला त्याच उपग्रहावरचे चॅनेल मिळतात. दुसरा टीव्ही अधूनमधून रुसतो त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच.

घुमटावर दव किंवा पाण्याची फिल्म असली तरी सिग्नल घटतो. पुसून बघा, मग बाकीचं.

## कधी थांबून वाट बघायची

जोराच्या पावसात १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल विरतो. काळा ढग पुढे सरकला की चित्र परत येतं. तेवढ्यात डिश हलवणं हा मूर्खपणा. स्वच्छ आकाशात गुणवत्ता जितकी वर नेऊन ठेवाल तितका पावसात टिकाव जास्त. विजा चमकत असतील तर बाहेरची केबल काढून ठेवा.

मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सलग काही दिवस, दिवसा ठरावीक वेळी, काही मिनिटं चित्र जातं. विषुवदिनांच्या आसपास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. हा दोष कुणीच दुरुस्त करू शकत नाही.

संध्याकाळी दिवे लावल्यावरच अँटेनाचे चॅनेल फुटत असतील तर मात्र वाट बघू नका. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर रेडिओ गोंगाट करतात आणि खालच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल आधी बळी पडतात. एकेक वस्तू बंद करत जा. गुन्हेगार सहसा अँटेनाच्या केबलजवळच सापडतो.

## एलएनबी की बॉक्स?

थेट केबल लावली, व्होल्टेज बरोबर, आकाश मोकळं, डिश ओळंब्यात, तरी गुणवत्ता शून्य. आता दोनच जण उरले. एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण तडकलंय का ते बघा. तडकलं असेल तर आत पाणी गेलंय आणि ती बदलावीच लागेल. उन्हात चालणारी आणि पहाटे गारठ्यात मरणारी, किंवा उलट, अशी एलएनबीही संपत आलेली असते. शेजारी मुक्कामाला त्याच सेवेचा बॉक्स असेल आणि त्याच्या चालत्या डिशवर तुमचा बॉक्स लावून पाहता आला तर निकाल तिथेच लागतो: तिथे चालला तर एलएनबी बदला, नाही चालला तर बॉक्स. नवी एलएनबी घेताना जुनीवरचा मजकूर टिपून न्या. ध्रुवीकरणाचा प्रकार, आतल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी आणि मानेचा व्यास, तिन्ही जुळले तरच ती त्या डिशवर आणि त्या बॉक्सबरोबर चालते.